‘मोकळी जागा’ म्हणजे काय? गिरणगावाचे भवितव्य ठरवणाऱ्या एका व्याख्येचा इतिहास

१/
मुंबईतील लोअर परळ. सेनापती बापट मार्ग आणि ना. म. जोशी मार्ग यांच्या आसपासचा परिसर. शनिवारी रात्री येथे टॅक्सींची रांग लागते. कमला मिल, तोडी मिल, रघुवंशी मिल अशी नावे आजही सर्वांच्या तोंडी आहेत, पण आत सूत कातले जात नाही. आत उपाहारगृहे, पब, कार्यालये आणि दालने आहेत. गिरणी गेली, नाव तेवढे राहिले.

२/
हे कसे घडले, या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर तीन वाक्यांत संपते : संप झाला, गिरण्या बंद पडल्या, मॉल आले. या उत्तरात जवळजवळ वीस वर्षांचा काळ गळून पडतो. त्याच काळात एक नियम झाला, त्या नियमातील ‘मोकळी जागा’ या दोन शब्दांचा अर्थ बदलला आणि सुमारे ६०० एकर जमिनीचे भवितव्य ठरले. हा धागा त्या दोन शब्दांविषयी आहे.

३/
आरंभ १८५४ चा. कावसजी नानाभाई दावर यांनी कापड गिरणीसाठी कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवला त्यांची गिरणी सुरू झाली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात मुंबईत कापसाचा पैसा आला. पुढील काही दशकांत भायखळा, लालबाग, परळ, वरळी या पट्ट्यात गिरण्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे जिल्ह्यांतून माणसे आली आणि गिरणगाव वसले.

४/
गिरणीची बांधणी नीट समजून घ्यावी लागते, कारण पुढचे सारे गणित तिच्यावर उभे आहे. कताई खाते बहुमजली इमारतीत चालत असे. साचेखाते मात्र बहुधा तळमजल्यावर पसरलेले असे. साच्यांचे वजन आणि त्यांचा हादरा वरच्या मजल्यांना सोसत नसे. वर करवतीच्या दातांसारखे छप्पर आणि त्यातून येणारा उत्तरेचा मंद उजेड. म्हणजे इमारत बुटकी, पण जमीन मात्र प्रचंड व्यापलेली.

५/
‘नाइट लाइफ’ हा शब्द येथे नवा असला, तरी रात्रीचा राबता नवा नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस रात्रीपर्यंत ताणला गेला. त्याविरुद्ध कामगारांत असंतोषही उसळला. पुढे पाळ्या आल्या. भोंगा वाजला की एक लोंढा आत जाई, दुसरा बाहेर येई. चाळीतल्या एकाच गाळ्यात अनेक बिऱ्हाडकरू पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपत.

६/
या रात्रींना स्वतःची संस्कृती होती. भजनी मंडळे, कोकणातील नमन-खेळे, लालबागच्या हनुमान थिएटरातील तमाशे, अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांच्या शाहिरीने भारलेली मैदाने. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगचे परळचे दामोदर नाट्यगृह कामगार रंगभूमीचे घर बनले. एकट्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायांनी १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभारले.

७/
१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. हा संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही. १९८३ मध्ये केंद्र शासनाने मुंबईतील १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ, म्हणजेच एनटीसी, हा गिरणगावातील सर्वांत मोठा गिरणीमालक ठरला. शहरातील ५८ गिरण्यांपैकी २५ त्याच्याकडे होत्या.

८/
संपानंतर एक विचित्र स्थिती निर्माण झाली. गिरणी तोट्यात, पण तिच्याखालची जमीन सोन्याच्या मोलाची. कापड विणण्यापेक्षा जागा विकणे फायद्याचे ठरू लागले. अडचण एवढीच होती की ती जमीन विकास आराखड्यात औद्योगिक वापराची होती. मालकाला ती मन मानेल तशी विकता किंवा बांधता येत नव्हती. निर्णय शासनाच्या हाती होता.

९/
तो निर्णय १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत आला. नियम क्रमांक ५८. आजारी वा बंद गिरणीची जमीन विकसित करायची असेल, तर तिचे ढोबळमानाने तीन वाटे करायचे. एक महापालिकेला, उद्याने व मैदानांसाठी. दुसरा म्हाडाला, परवडणाऱ्या घरांसाठी. तिसरा मालकाला. मालकाच्या वाट्यातून येणारा पैसा गिरणीच्या पुनरुज्जीवनासाठी आणि कामगारांच्या देण्यांसाठी वापरला जावा, असा हेतू होता.

१०/
या नियमामागचा विचार असा : गिरण्या उभ्या राहिल्या त्या केवळ भांडवलावर नव्हे. शहराच्या धोरणाने आणि तीन पिढ्यांच्या श्रमांनी त्या उभ्या राहिल्या. त्यामुळे जमिनीचा वापर बदलून जो लाभ होईल, त्यात शहराचाही हिस्सा असला पाहिजे. मैदानांची आणि घरांची कायम टंचाई असलेल्या मुंबईला अशी संधी पुन्हा मिळणे अवघड होते.

११/
पण नियमात एक फट होती. जमिनीची वाटणी पुनर्विकास केल्यास करावयाची होती. जुनी इमारत न पाडता तिचाच वापर बदलला, तर वाटणीचा प्रश्नच येत नव्हता. साचे काढून भंगारात द्यायचे, भिंती तशाच ठेवायच्या आणि आत कार्यालय, दुकान किंवा उपाहारगृह थाटायचे. उंच छत, जाड भिंती, प्रशस्त मोकळे दालन. साचेखात्याची रचना या नव्या धंद्याला फारच सोयीची होती.

१२/
१९९० च्या दशकात फिनिक्स मिलच्या आवारात बोलिंग अ‍ॅली आली, डिस्कोथेक आला. कामगारांच्या करमणुकीच्या नावाखाली भलत्यांचीच करमणूक चालली आहे, असा आक्षेप कामगार कार्यकर्त्यांनी घेतला. गिरणगावातील नव्या रात्रजीवनाचा उगम येथे आहे. जुन्या वास्तूवरील प्रेमापोटी ती जपली गेली असे नव्हे. ती न पाडण्यात आर्थिक लाभ होता.

१३/
याच काळात कामगारही गप्प नव्हते. १९८९ मध्ये बंद गिरणी कामगार संघर्ष समिती स्थापन झाली. मॉडर्न मिलमधील दत्ता इस्वलकर हे तिचे नेते. समितीची मागणी बदलत गेली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आधी ‘गिरण्या सुरू करा’, मग ‘थकलेली देणी द्या’, आणि शेवटी ‘या जमिनीवर आम्हाला घर द्या’. मागणीचा हा प्रवास म्हणजे गिरणगावाच्या पराभवाचा इतिहासच होय.

१४/
१९९६ मध्ये राज्य शासनाने वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. त्याचा भर मुख्यतः एनटीसीच्या गिरण्यांवर होता. कोरियांचे म्हणणे असे की प्रत्येक गिरणीचा सुटा विचार करू नये. जमिनी एकत्र धरून रस्ते, चौक, मैदाने आणि घरे यांची एकसंध आखणी करावी. परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकांच्या परिसराला त्यांच्या आराखड्यात महत्त्वाचे स्थान होते. अहवाल सादर झाला. अंमलबजावणी झाली नाही.

१५/
आणि मग २००१. नियम ५८ मध्ये दुरुस्ती झाली. तीन वाट्यांचे तत्त्व कागदावर कायम राहिले. बदलली ती व्याख्या. वाटणी ‘मोकळ्या जागेची’ करायची, आणि मोकळी जागा म्हणजे आधीपासूनच बांधकाम नसलेली जागा. जुनी इमारत पाडल्यावर जी जमीन रिकामी होईल, ती मोकळी जागा धरायची नाही. शिवाय पाडलेल्या इमारतीइतके बांधकाम नव्याने करण्याची मुभा मालकाला राहिली.

१६/
एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १५ एकरांची गिरणी. १२ एकरांवर शेड, ३ एकर मोकळे. सगळी गिरणी पाडून विकास करायचा आहे.
जुना अर्थ : १५ एकरांचे तीन वाटे. महापालिका ५, म्हाडा ५, मालक ५.
नवा अर्थ : फक्त ३ एकरांचे तीन वाटे. महापालिका १, म्हाडा १, मालक १ अधिक शेडखालचे १२, म्हणजे १३.
आता साचेखाते पसरट का असे, ते पुन्हा आठवावे. शेड जितकी पसरट, तितका शहराचा वाटा लहान.

१७/
शासनाची बाजूही नोंदवली पाहिजे. जुन्या नियमाखाली दहा वर्षांत फारच थोडे मालक पुढे आले. बहुतेक जमीन अडकून पडली, कामगारांची देणीही थकली. जमीन मोकळी व्हायची तर मालकाला अधिक वाटा द्यावा लागेल, असा हा युक्तिवाद होता. त्यात तथ्य आहे. पण जुन्या वास्तूंचा वापर बदलण्याची फट उघडी असताना मालक वाटणीसाठी पुढे येतीलच कशाला, हा प्रश्न त्यात सुटत नाही. ती फट बुजवणे हाही एक मार्ग होता.

१८/
२००५ मध्ये एनटीसीने पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या : ज्युपिटर, अपोलो, एल्फिन्स्टन, कोहिनूर क्र. ३ आणि मुंबई टेक्स्टाइल. शेवटच्या एकीचीच बोली ७०२ कोटी रुपयांची होती. ‘बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप’च्या जनहित याचिकेवर ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या वाट्याच्या बाजूने निकाल दिला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. २००१ ची दुरुस्ती वैध ठरली.

१९/
त्यानंतर बदलाचा वेग वाढला. कुठे मनोरे उभे राहिले, कुठे जुन्या गोदामांना नवा रंग चढला. २००७ मध्ये मथुरादास मिलच्या आवारात सुरू झालेले ‘ब्लू फ्रॉग’ हे संगीतस्थळ देशभर नावाजले गेले. तेथे उत्तम संगीत झाले, नव्या कलावंतांना मंच मिळाला, हेही खरे. २०१६ मध्ये ते बंद झाले. गिरणीच्या आवारात जाऊन रात्र घालवणे ही तोवर मुंबईकर तरुणाईची रीत झाली होती.

२०/
मात्र रस्ते आणि पूल गिरण्यांच्याच काळातले राहिले. प्रत्येक आवाराची वाटणी आणि विकास सुटासुटा झाला. सबंध परिसराची आखणी कोणीच केली नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली. २३ माणसे मृत्युमुखी पडली. कोरियांच्या अहवालाने एकवीस वर्षांपूर्वी ज्या परिसराकडे लक्ष वेधले होते, तोच हा परिसर.

२१/
बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर, कमला मिलच्या आवारात गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागली. १४ जण दगावले. दोन्ही दुर्घटनांची तात्कालिक कारणे वेगळी होती, दोषही वेगवेगळ्यांचे होते. पण दोन्हींची पार्श्वभूमी एकच : कारखान्याच्या भूमीत हजारो माणसांची नवी वस्ती आणि वर्दळ आली, पण त्या गर्दीला पेलणारी सार्वजनिक जागा आणि सुरक्षा तिच्यासोबत आली नाही.

२२/
कामगारांचे काय? म्हाडाच्या वाट्यातील अर्धा हिस्सा त्यांच्या घरांसाठी राखला गेला. घरासाठी सुमारे दीड लाख अर्ज आले. २०१२ च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरे होती. त्यानंतरही सोडती झाल्या, पण मागणी आणि पुरवठा यांतील अंतर मिटले नाही. मिटणारही कसे? पंधरा एकरांतील पाचाऐवजी एकच एकर म्हाडाला मिळणार असेल, तर घरे किती बांधता येतील, हे गणित उघड आहे. दत्ता इस्वलकर २०२१ मध्ये निवर्तले. अर्जदारांपैकीही अनेकजण वाट पाहतच गेले.

२३/
वेगळे घडूच शकत नव्हते, असे म्हणण्यापूर्वी दादरची इंदू मिल पाहावी. चैत्यभूमीजवळची ही सुमारे १२ एकर जमीन आंबेडकरी जनतेच्या दीर्घ आंदोलनानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मारकासाठी मिळाली. शेड किती आणि मोकळी जागा किती, हा हिशेब तेथे झाला नाही. लोकांच्या संघटित दबावापुढे सबंध गिरणीची जमीन सार्वजनिक कार्यासाठी राखता येते, याचे हे उदाहरण आहे.

२४/
जानेवारी २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबईत काही भागांतील दुकाने, मॉल आणि उपाहारगृहे चोवीस तास सुरू ठेवण्यास मान्यता दिली. तेव्हा झालेल्या चर्चेत कमला मिलचे नाव पुन्हा आले. ‘मुंबई कधी झोपत नाही’ हे वाक्य नव्याने घोळवले गेले. रात्रपाळीवर जाणाऱ्या गिरणगावाला ते आधीपासूनच माहीत होते. २०२३ मध्ये दामोदर नाट्यगृहही पुनर्विकासासाठी बंद झाले.

२५/
प्रश्न पब असावेत की नसावेत, हा नाही. जुन्या वास्तूंना नवा उपयोग मिळणे चांगलेच. प्रश्न वाटणीचा आहे. आज चाळी, गोदी, जुन्या बाजारपेठा यांच्या पुनर्विकासाचे प्रस्ताव येत आहेत. अशा प्रस्तावात चकचकीत चित्रे पहिल्या पानावर असतात. व्याख्या शेवटच्या परिशिष्टात असतात. गिरणगावाचा निकाल त्या परिशिष्टात लागला होता. इतिहासाच्या अभ्यासकांनी वाचनाची सुरुवात तेथूनच करावी.