आपल्या वाट्याची कर्जखते
क्षमा आणि व्यवसायातून घडलेला ‘मी’ : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

देहूच्या मोरे घराण्यात महाजनकी होती, बाजारात दुकान होते आणि सावकारीही होती. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये जो भीषण दुष्काळ पडला, त्यात हे सारे मोडले. पुढची कथा महाराष्ट्राला पाठ आहे. तुकोबांनी घरातली कर्जखते इंद्रायणीत बुडवायला काढली. धाकटा भाऊ कान्होबा मध्ये पडला, कारण त्याला संसार चालवायचा होता. तेव्हा तुकोबांनी खतांच्या दोन वाटण्या केल्या. अर्धी कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची अर्धी डोहात सोडली.

ही गोष्ट आपण वैराग्याची म्हणून ऐकत आलो आहोत. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाने ती क्षमेची म्हणूनही ऐकावी, अशी माझी विनंती आहे. खते बुडाली तेव्हा कर्जदार मोकळे झालेच, पण त्याबरोबर देहूतला एक सावकारही संपला. लोकांकडे आपले येणे आहे, हीच ज्याची गावातली ओळख, त्याने येणेच सोडले तर ती ओळख कशावर उभी राहील? दुसऱ्याचे देणे माफ करणे आणि आपले कोणीतरी असणे सोडणे ही दोन्ही कामे इथे एकाच कृतीत झाली. आपला विषय हाच आहे. माणूस जे काम करतो त्यातून त्याचा एक ‘मी’ घडतो. तो ‘मी’ आयुष्यभर मान-अपमानाच्या नोंदी ठेवतो. आणि अध्यात्माच्या वाटेवरची क्षमा त्या नोंदींना हात घालते.

अभ्यासकाने इथे पहिल्याच पायरीवर दोन आवाज वेगळे ओळखायला शिकावे. आपल्या जीवनाविषयी सांगणाऱ्या प्रसिद्ध अभंगात तुकोबा स्वतः सांगतात ते असे: व्यवसाय केला, दुष्काळाने द्रव्य गेले आणि मानही गेला, एक बायको अन्नाविना मेली, जिवाला लाज वाटली, धंद्यात तूट आली. कर्जखतांच्या वाटणीचा तपशील आपल्याला मिळतो तो महिपतींच्या चरित्रग्रंथांतून, म्हणजे तुकोबांच्या निर्याणानंतर शंभरहून अधिक वर्षांनी. ‘भक्तविजय’ १७६२ चा आणि ‘भक्तलीलामृत’ १७७४ चा. म्हणून ही कथा खोटी ठरवायची, असे मुळीच नाही. एक आवाज मोडलेल्या माणसाचा आहे; दुसरा, त्या मोडण्यातून पुढे काय झाले हे पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या समाजाचा. अभंगात लाज आहे, चरित्रात सोडणे आहे. लाजेपासून सोडण्यापर्यंत माणूस कसा पोचतो, हा प्रश्न या दोन आवाजांच्या मधल्या जागेत उभा राहतो. दुकान बुडालेल्या माणसाजवळ प्रतिष्ठेची शेवटची खूण म्हणजे ती खते. ती छातीशी अधिकच घट्ट धरणे किती स्वाभाविक होते, याचा विचार केल्याशिवाय ती सोडण्याचे मोल कळत नाही.

या प्रश्नाची तात्त्विक बैठक पाहायची तर ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायाकडे जावे लागते. गीतेने तिथे ज्ञानाची लक्षणे मोजक्या श्लोकांत सांगितली आहेत. पहिले अमानित्व, मग अदंभित्व, अहिंसा आणि चौथी क्षांती. नेवाशात १२९० मध्ये ज्ञानदेवांनी या लक्षणांवर शेकडो ओव्या खर्च केल्या. माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत महत्त्वाची पाने हीच, म्हणून त्यांच्यापाशी थोडे थांबतो.

अमानी पुरुषाचे ज्ञानदेवांनी काढलेले चित्र असे आहे: बृहस्पतीइतके सर्वज्ञपण अंगी आले तरी तो महिमेच्या भयाने वेडेपणात दडून बसतो. चातुर्य लपवतो, थोरवी हरवून टाकतो, लोकांनी आपल्याला पिसाट समजावे असेच त्याला आवडते. कोणी मान दिला तर त्याला संकटात सापडल्यासारखे होते. यातली एक गोष्ट निसटू देऊ नये. हा माणूस अडाणी नाही, अपयशीही नाही. त्याचे ज्ञान शाबूत आहे. तो पळतो आहे ते त्या ज्ञानाभोवती जमणाऱ्या मानापासून. कौशल्य आणि कौशल्याचा अभिमान यांच्यामध्ये इतकी स्पष्ट रेघ ओढणारे दुसरे वर्णन मला मराठीत आढळलेले नाही.

मग क्षांती येते. सुखदुःख, मानापमान, निंदास्तुती यांनी जो दुभंगत नाही, नद्यांचे लोंढे समुद्र जसे पोटात घेतो तसे जो सारे सामावून घेतो, तो क्षमावान. इथवर परिचित वाटते. पण ज्ञानदेव आणखी एक पाऊल टाकतात: आपण सोसतो आहोत, याचीसुद्धा त्याला आठवण उरत नाही. हे पाऊल फार मोठे आहे. ‘मी त्याला क्षमा केली’ हे वाक्य मनात जपून ठेवले की क्षमा हेही एक पद होते, कदाचित सगळ्यांत उंच पद. क्षमा करणारा वर बसतो, अपराधी खाली उभा राहतो, आणि जुना अधिकारी नव्या कचेरीत रुजू होतो. अमानित्व आधी आणि क्षांती नंतर हा क्रम म्हणूनच मला अर्थपूर्ण वाटतो. मान मागणारा ‘मी’ सैल झाला नसेल तर क्षमेतूनही तो मानच मिळवील.

हे लिहिणाऱ्या ज्ञानदेवांविषयीच परंपरा सांगते की लोकांच्या टोचणाऱ्या बोलण्याने व्यथित होऊन ते एकदा झोपडीची ताटी लावून आत बसले. बाहेर मुक्ताबाई उभी राहिली. धाकट्या बहिणीने थोरल्या भावाला ताटी उघडायला सांगणारे ते अभंग क्षमेच्या कोणत्याही अभ्यासक्रमात पहिल्या दिवशी वाचले जावेत. ती त्याच्या दुःखाला नाकारत नाही, पण त्याचे लाडही करत नाही. ज्याने स्वतःला योगी म्हणवले त्याला ती योगी असण्याचा अर्थ विचारते.

व्यवसायाच्या बाजूने पाहिले तर वारकरी संतांचे जग अभ्यासकाला विलक्षण समृद्ध वाटेल. गोरा कुंभार, सावता माळी, सेना न्हावी, नरहरी सोनार, नामदेव शिंपी: इथे प्रत्येकाच्या नावातच धंदा आहे. जातीने ठरवलेला धंदा, हे विसरून चालणार नाही. त्याकडे पुढे येतो. तेरला गोरोबांच्या घरी संत जमले असताना मुक्ताबाईने कुंभाराच्या थापटण्याविषयी विचारले आणि गोरोबांनी त्याच थापटण्याने एकेकाचे डोके थोपटून कच्चे-पक्के पाहिले, ही कथा सर्वश्रुत आहे. नामदेव रागावले, आणि कच्चे ठरले. नामदेवांना धंद्याचा गर्व नव्हता. विठ्ठल आपल्याशी बोलतो, आपल्या हातचे खातो, हा त्यांचा हुद्दा होता. भक्तीतही हुद्दा तयार होतो, हे ही कथा फार लवकर ओळखते. पुढे औंढ्याला विसोबा खेचरांपाशी नामदेवांचे ‘मी’पण गळाले, असे परंपरा मानते. मात्र शिंपीपण गळाले नाही. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत, आणि त्यांत गज, कातर, सुई-दोरा ही शिंप्याची हत्यारे भेटतात. हात तेच राहिले.

हैबतबाबा आरफळकरांचे उदाहरणही मला याच कारणाने मोलाचे वाटते. ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते. गावी परतताना वाटेत लुटारूंच्या कैदेत सापडले, सुटका झाली तेव्हा ते आळंदीला माउलींच्या सेवेत राहिले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी पालखी सोहळ्याला आजची शिस्त दिली. दिंड्यांचे क्रम, चोपदार, घोडे, तळावरची व्यवस्था यांत लष्करी नजर उघड दिसते. सरदारकी गेली, सरदाराचे कसब मात्र लाखो लोकांच्या वाटचालीला उपयोगी पडले. अहंता सोडणे म्हणजे काम सोडणे, या समजुतीला वारीच्या रचनेतच उत्तर आहे.

आता आपल्या काळाकडे येऊ. शहरांतल्या इमारतींमध्ये दारांवरच्या पाट्या वाचत जावे. नावाखाली हुद्दा, आणि हुद्द्याआधी ‘सेवानिवृत्त’. त्या पाटीकडे मी आदरानेच पाहतो. तीस-पस्तीस वर्षांचे श्रम तिच्यामागे आहेत. पण दाराआड अनेकदा एक जमाखर्चही चालू असतो. कोणती बढती कोणी अडवली, कोणत्या कामाचे श्रेय कोणाला गेले, निरोपाच्या दिवशी कोण आले नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ हेलेन रोझ एबॉ यांनी १९८८ च्या ‘बिकमिंग अ‍ॅन एक्स’ या ग्रंथात पूर्वाश्रमीच्या भूमिकांतून बाहेर पडलेल्या माणसांचा अभ्यास केला. त्या स्वतः एकेकाळी ख्रिस्ती जोगीण होत्या, त्यामुळे हा विषय त्यांनी आतून जाणला होता. भूमिका सुटली तरी तिचा अंश माणसात उरतो आणि नवी ओळख त्या अंशासकटच घडते, हे त्यांचे निरीक्षण आपल्या फार उपयोगाचे आहे. व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल गावातली कापड गिरणी बंद पडल्यावर तिथे झालेला आणि १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास दुसरी बाजू दाखवतो. काम गेले तेव्हा त्या गावकऱ्यांच्या दिवसाचा आकारच गेला. वेळ भरपूर झाला आणि माणसे मंदावली.

मुंबईला हे दुरून समजावून द्यावे लागत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, आणि त्यांतल्या असंख्यांना पुन्हा गिरणी दिसली नाही. गिरणगावात माणूस स्वतःची ओळख आपल्या गिरणीच्या नावाने देत असे. भोंगे थांबले आणि त्या ओळखीचा आधारच गेला. अशा माणसाला ‘हुद्द्याचा अभिमान सोड’ असा उपदेश करणे क्रूर आहे. त्याची ओळख त्याने सोडलेली नाही, ती त्याच्याकडून हिसकावून घेतली गेली आहे. सोडणे आणि हिरावले जाणे यांतला फरक ज्याला दिसत नाही, त्याने क्षमेवर लिहू नये, इतके मी स्पष्ट म्हणेन.

याच ठिकाणी तुकोबांच्या वाटणीचा दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा ठरतो. कान्होबाच्या वाट्याची खते तुकोबांनी बुडवली नाहीत. भावाचे येणे माफ करण्याचा आपल्याला अधिकार नाही, हे त्यांनी जाणले. क्षमा आपल्या वाट्याचीच करता येते. दुसऱ्याच्या वतीने ती देता येत नाही आणि दुसऱ्याकडून वसूलही करता येत नाही. आजच्या मानसशास्त्रात रॉबर्ट एन्राइट यांच्यासारखे संशोधक क्षमा, समेट आणि अपराधाचे समर्थन या गोष्टी कटाक्षाने वेगळ्या ठेवतात. मनातला डंख गेला तरी न्यायाची मागणी चालू राहू शकते. संतपरंपरेच्या अभ्यासकाने हा भेद आत्मसात करावा, कारण आपल्याकडे क्षमेचा उपदेश बहुधा वरून खाली वाहत आला आहे.

महार जातीत जन्मलेल्या संत चोखामेळ्यांचे, म्हणजे चोखोबांचे काय, हा प्रश्न म्हणूनच या क्षेत्राच्या मध्यभागी हवा. त्यांचे काम त्यांनी निवडले नव्हते. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना ते ढासळून चोखोबा त्याखाली गेले. समाधी मिळाली ती पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर. त्यांच्या शब्दांत करुणा आहे, तर त्यांचा मुलगा कर्ममेळा देवालाच जाब विचारतो. एकाच घरातले हे दोन सूर आपण दोन्ही ऐकले पाहिजेत. पहिला गोड आहे म्हणून दुसरा गाळता कामा नये. डॉ. आंबेडकरांनी १९४८ चा ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला, आणि तरीही संतांच्या समतेने समाजातली विषमता हलली नाही हे ते सांगत राहिले. इरावती कर्वे यांनी वारीवरच्या लेखात दिंडीत जातवार वेगळ्या बसणाऱ्या पंगतींची वेदना नोंदवली. सगळे एकमेकांना माउली म्हणतात, एकमेकांच्या पाया पडतात, हे खरे आहे. पंगती वेगळ्या होत्या हेही खरे आहे.

या क्षेत्रात यायला संस्कृत यावे लागत नाही, मानसशास्त्राची पदवीही लागत नाही. गावच्या भजनी मंडळात टाळ धरणारा, संवत्सरीला धाकट्यांचीही क्षमा मागणारा जैन गृहस्थ, नुकतीच नोकरी गेलेली तरुण अभियंता, दवाखाना मुलीच्या हाती सोपवून रिकाम्या हातांनी बसलेला डॉक्टर, अशा प्रत्येकाजवळ इथे उपयोगी पडणारे साहित्य आहे. ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय सावकाश वाचावा. त्याच्याशेजारी ताटीचे अभंग ठेवावेत आणि तुकोबांचे आत्मनिवेदन महिपतींच्या आधी वाचावे. संत बहिणाबाईंचे आत्मचरित्रपर अभंग जरूर घ्यावेत. तुकोबांच्या समकालीन शिष्येची ती साक्ष आहे, आणि तुकोबांचा द्वेष करणाऱ्या मंबाजीने दिलेला त्रास तिथे सोसणाऱ्या बाईच्या तोंडून ऐकू येतो. गं. बा. सरदार आणि सदानंद मोरे यांचे ग्रंथ हाताशी असले की भक्ती आणि समाज एकमेकांपासून तुटणार नाहीत. कर्ममेळ्याचे अभंग थोडेच आहेत. ते मात्र कोणाच्याही भाष्याविना, आधी एकट्याने वाचावेत.