शून्य कुणाच्या घरचं?

एकाच नेटवर्कवर दोन यंत्रांकडे एकच आयपी पत्ता गेला की ऑफिसातला प्रिंटर घडीत दिसतो, घडीत गायब. एआरपीचा (आयपी पत्त्याला हार्डवेअर पत्ता जोडणारा) तक्ता उघडला तर त्या पत्त्यासमोरचा हार्डवेअर पत्ता सारखा बदलत असतो. उपाय सोपा आहे: हाताने दिलेला पत्ता राउटर जे पत्ते वाटतो त्या पट्ट्याबाहेर न्यायचा. मजा आहे ती या लपंडावाच्या कुळात.

मूळ 1982 चं. डेव्हिड प्लमर यांच्या आरएफसी 826 या इंटरनेटच्या दस्तऐवजात नियम आहे: एआरपी निरोपातला प्रेषकाचा पत्ता आपल्या तक्त्यात असेल तर समोरचा हार्डवेअर पत्ता निमूट बदला. नेटवर्क कार्ड बदललं तर सोय व्हावी म्हणून. शहानिशा नाही, शेवटी बोलेल तो मालक! पुढे यंत्रं सुरू होतानाच ‘हा पत्ता माझा’ असा पुकारा करू लागली, आणि टक्कर ओळखायला तेवढं पुरेसं मानलं गेलं. हा उलटा न्याय. हरकत येईपर्यंत तक्ते बदललेले असतात.

आधी विचारायची रीत ॲपलटॉककडून आली, असं माझं ठाम मत. 1980च्या दशकातल्या त्या जाळ्यात मॅकिंटॉश एखादा आकडा स्वतःच निवडे, तो कुणाचा आहे का विचारे, आणि उत्तर आलं तर दुसरा शोधे. 169.254ने सुरू होणारे पत्ते (आरएफसी 3927, 2005) नेमके असेच मिळवले जातात. त्याचे एक लेखक स्टुअर्ट चेशर ॲपलचेच, आणि पत्त्यांची टक्कर ओळखण्याचा 2008चा आरएफसी 5227 त्यांनीच लिहिला.

डीएचसीपीवाले, म्हणजे यंत्रांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या पद्धतीचे लोक, हे मानणार नाहीत. 1997च्या आरएफसी 2131 नुसार मिळालेला पत्ता यंत्राने एआरपीने तपासावा, आणि प्रेषकाच्या आयपी पत्त्याच्या जागी शून्य घालावं, म्हणजे इतरांचे तक्ते बिघडत नाहीत. चेशर यांच्या चौकशीतही तेच शून्य आहे. ॲपलटॉकच्या चौकशीत मात्र हवा असलेला आकडाच प्रेषक म्हणून जाई. तेव्हा शून्य डीएचसीपीच्या घरचं, कबूल. बाकी चाल ॲपलटॉकची.

3927चाच क्रम 5227ने पुढे नेला. तीनदा विचारा, दोनदा जाहीर करा, मग कान उघडे ठेवा. कुणी घुसलं तर एकदा हक्क सांगा. 10 सेकंदांत पुन्हा तेच झालं तर पत्ता सोडा. 5227ची स्वतःची भर यापुढे: राउटरसारख्या, पत्ता सोडणं न परवडणाऱ्या यंत्राला अडून बसायची मुभा आहे. असे दोन अडेलतट्टू भिडले तर 10 सेकंदांत एकदाच ओरडायचं, एवढंच बंधन. बाकी केबल काढायला माणूसच लागतो.