पथकाची सैनिकसंख्या (डावपेचांचे संगणकीय खेळ)

ऐतिहासिक विषयांवरील डावपेचांच्या संगणकीय खेळांमध्ये एका पथकात किती सैनिक असावेत हे ठरवणाऱ्या मूल्यास पथकाची सैनिकसंख्या असे म्हणतात. काही खेळांत खेळाडू हे मूल्य पर्यायांच्या यादीतून निवडतो, काहींत ते नियमांनीच कायम केलेले असते, तर काहींत खेळाडू लहान घटक जोडून स्वतः पथक घडवतो. वरवर पाहता ही निवड दृश्याच्या भव्यतेपुरती व संगणकाच्या क्षमतेपुरती मर्यादित वाटते. परंतु लढाईचा कालावधी, रणांगणावरील हालचाली, सैन्यभरतीचा भार आणि काही खेळांत नगरांची लोकसंख्या यांवरही तिचा परिणाम होतो.

पार्श्वभूमी

हजारो माणसांचे सैन्य मोजक्या आकृत्यांनी कसे दाखवावे, हा प्रश्न संगणकापूर्वीचा आहे. प्रशियाचा लष्करी अधिकारी गेओर्ग फॉन राइसविट्झ याने १८२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'क्रीगश्पील' या युद्धखेळात १:८००० प्रमाणाचा नकाशा वापरला जाई. त्यावरील ठोकळ्यांची लांबी त्या त्या तुकडीने रणांगणावर व्यापलेल्या आघाडीच्या प्रमाणात असे. विसाव्या शतकातील छोट्या पुतळ्यांच्या युद्धखेळांत एक पुतळा म्हणजे ठरावीक संख्येचे सैनिक, उदाहरणार्थ २०, असा संकेत रूढ झाला. संगणकीय खेळांनी प्रत्येक सैनिक स्वतंत्रपणे दाखवण्यास सुरुवात केली, तरी पडद्यावरील एक सैनिक प्रत्यक्षातील किती सैनिकांच्या जागी आहे, हा प्रश्न कायम राहिला.

टोटल वॉर मालिका

ब्रिटनमधील क्रिएटिव्ह असेंब्ली या संस्थेच्या 'टोटल वॉर' मालिकेतील पहिला खेळ 'शोगुन: टोटल वॉर' २००० मध्ये प्रकाशित झाला. या मालिकेत नकाशावरील मोहीम पाळीपाळीने चालते, तर लढाया प्रत्यक्ष वेळेत होतात. २००४ च्या 'रोम: टोटल वॉर' या खेळात सैनिकसंख्येसाठी लहान, साधारण, मोठे व प्रचंड असे चार पर्याय आहेत. रोमन पायदळातील 'हास्ताती' पथकात या पर्यायांनुसार अनुक्रमे सुमारे २०, ४०, ८० व १६० सैनिक असतात. एका सैन्यात जास्तीत जास्त २० पथके ठेवता येतात. त्यामुळे केवळ हास्तातींचे पूर्ण सैन्य पहिल्या पर्यायात सुमारे ४०० सैनिकांचे, तर शेवटच्या पर्यायात सुमारे ३,२०० सैनिकांचे होते.

लोकसंख्येवरील परिणाम

'रोम' या खेळात पथक उभारले की त्यातील सैनिकांइतकी संख्या नगराच्या लोकसंख्येतून वजा होते. पथकाची दिनारातील किंमत मात्र सैनिकसंख्येच्या पर्यायानुसार बदलत नाही. परिणामी मोठ्या पर्यायात प्रत्येक सैनिक पैशाच्या दृष्टीने स्वस्त, परंतु मनुष्यबळाच्या दृष्टीने पथक महाग पडते. वस्तीचा दर्जा वाढवण्यासाठी लोकसंख्येने २,०००, ६,०००, १२,००० व २४,००० असे टप्पे गाठावे लागतात. हास्तातींची पाच पथके उभारल्यास लहान पर्यायात नगरातून सुमारे १०० माणसे कमी होतात; प्रचंड पर्यायात ती संख्या सुमारे ८०० होते आणि २,००० च्या टप्प्याजवळ आलेली छोटी वस्ती बरीच मागे पडते.

हाच नियम उलट दिशेनेही लागू होतो. एखाद्या नगरात पथक बरखास्त केल्यास त्यातील माणसे त्या नगराच्या लोकसंख्येत मिळतात. त्यामुळे गर्दी होऊन असंतोष वाढलेल्या नगरात शेतकऱ्यांची पथके उभारायची आणि ती विरळ वस्तीत नेऊन बरखास्त करायची, ही पद्धत खेळाडूंमध्ये प्रचलित झाली. २००६ च्या 'मिडीव्हल २: टोटल वॉर' या खेळात लोकसंख्येतून वजाबाकी करण्याची पद्धत वगळण्यात आली, तेथे भरतीसाठी उपलब्ध असलेली पथके काळानुसार पुन्हा भरून येतात.

रणांगणावरील परिणाम

सैनिक अधिक असले की पथक मोडण्यास अधिक वेळ लागतो. त्यामुळे बगलेवर घोडदळ पाठवणे किंवा राखीव पथके पुढे आणणे यासाठी खेळाडूला पुरेशी सवड मिळते. लहान पथकांच्या लढाया झटपट निकाली निघतात आणि एखादी चूक सावरणे कठीण जाते. वेढ्याच्या लढाईत मात्र परिस्थिती बदलते. नगराचे दरवाजे व रस्ते यांची रुंदी तीच राहत असल्याने मोठ्या पथकांची तेथे कोंडी होते.

बंदुकांच्या काळावरील खेळांत पथकाची रचनाही महत्त्वाची ठरते. २००९ च्या 'एम्पायर: टोटल वॉर' या खेळाची मोहीम १७०० मध्ये सुरू होते आणि त्यात मराठ्यांची बाजू घेऊनही खेळता येते. या खेळात ओळीओळीने गोळीबार करण्याचे तंत्र साध्य होईपर्यंत साधारणपणे पुढच्या रांगेतील सैनिकच बंदुका चालवतात. त्यामुळे मोठे पथक खोल रचनेत उभे केले, तर त्यातील बरेच सैनिक निरुपयोगी राहतात. आघाडी लांबवली, तर बगला उघड्या पडण्याचा धोका वाढतो.

इतर खेळांतील पद्धती

स्वीडनमधील पॅराडॉक्स डेव्हलपमेंट स्टुडिओच्या 'युरोपा युनिव्हर्सॅलिस ४' (२०१३) या खेळात प्रत्येक रेजिमेंट १,००० माणसांची असते व हा आकडा खेळाडूला पर्याय म्हणून बदलता येत नाही. येथे निवड असते ती रेजिमेंटांच्या संख्येची. एका वेळी किती रेजिमेंट आघाडीवर लढू शकतील याला मर्यादा असून ती लष्करी तंत्रज्ञानाबरोबर वाढत जाते. शिवाय प्रांताच्या रसदक्षमतेपेक्षा मोठे सैन्य एका ठिकाणी ठेवल्यास न लढताही सैनिकांची हानी होत राहते.

याच संस्थेच्या दुसऱ्या महायुद्धावरील 'हार्ट्स ऑफ आयर्न ४' (२०१६) या खेळात खेळाडू बटालियन जोडून डिव्हिजन घडवतो. प्रत्येक बटालियन आघाडीची ठरावीक रुंदी व्यापते. पायदळाची २, तर तोफखान्याची ३. सुरुवातीच्या नियमांत एका दिशेने होणाऱ्या हल्ल्यासाठी आघाडीची रुंदी ८० होती. तीत २० रुंदीच्या चार किंवा ४० रुंदीच्या दोन डिव्हिजन नेमक्या बसत असल्याने पायदळाच्या सात व तोफखान्याच्या दोन बटालियनांची रचना लोकप्रिय झाली. २०२१ मध्ये ही रुंदी भूप्रदेशानुसार वेगवेगळी करण्यात आली व सर्वत्र चालणारे एकच गणित उरले नाही.

ऐतिहासिक वास्तवाशी तुलना

ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याच्या वर्णनानुसार रोमन लीजनमध्ये साधारणपणे ४,२०० पायदळ असे: १,२०० हास्ताती, १,२०० प्रिंकिपेस, ६०० त्रियारी व उरलेले हलके सैनिक. हास्तातींच्या दहा मॅनिपलांपैकी प्रत्येकात १२० सैनिक असत, तर त्रियारींच्या मॅनिपलमध्ये ६०. 'रोम' खेळाच्या प्रचंड पर्यायात या दोन्ही प्रकारांचे पथक सुमारे १६० सैनिकांचेच असते; म्हणजे आकडा मॅनिपलच्या जवळ जातो, परंतु अनुभवी त्रियारी संख्येने निम्मे असत हे प्रमाण त्यात दिसत नाही. मॅसिडोनियन भालाइतांच्या २५६ जणांच्या 'सिंटाग्मा'च्या मात्र खेळातील २४० जणांचे फॅलँक्स पथक बरेच जवळ येते.

संपूर्ण सैन्याच्या पातळीवर ही तफावत अधिक ठळक होते. कॅनीच्या लढाईत (इ.स.पू. २१६) रोमनांचे ८०,००० पायदळ व सुमारे ६,००० घोडदळ होते, असे पॉलिबियस सांगतो. ३,२०० सैनिकांच्या एका सैन्याने ते दाखवायचे झाल्यास पडद्यावरील प्रत्येक सैनिकामागे सुमारे २७ माणसे धरावी लागतील. ४०० सैनिकांच्या सैन्यात हे प्रमाण सुमारे २१५ होते. त्यामुळे पथकाची संख्या वाढवल्याने दृश्य वास्तवाच्या जवळ जात असले, तरी अशा खेळांतील सैन्य हे मूळ सैन्याचे प्रातिनिधिक रूपच राहते.