वैनगंगेचा काठ आणि ईश्वरज्ञानाची भाषा : मराठी कॅथलिक धर्मशिक्षणाचा एक ऐतिहासिक मागोवा

गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या तीरावर मार्कंडा हे तीर्थक्षेत्र वसलेले आहे. एरवी दक्षिणेकडे धावणारी नदी येथे उत्तरवाहिनी होते आणि या वळणामुळेच स्थानाला पावित्र्य लाभले, अशी लोकश्रद्धा आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३-७४ च्या दौऱ्यात येथील मंदिरसमूहाची नोंद घेतल्यानंतर तो पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना परिचित झाला. परंतु पंचक्रोशीतील माणूस महाशिवरात्रीच्या यात्रेला जातो तो शिल्पांसाठी नव्हे. त्याच्या मनात मार्कंडेयाची कथा असते. अवघे सोळा वर्षांचे आयुष्य लाभलेला हा मुलगा यमाचा पाश पडताना शिवलिंगाला मिठी मारतो आणि काळाच्या हातून सुटतो. मार्कंडेयाने कोणते शास्त्र पठण केले होते, याची चौकशी कथा ऐकणारा करीत नाही. त्याला ती मिठी पुरेशी वाटते.

ईश्वराविषयी माहिती असणे आणि ईश्वर स्वतःला उमगणे यांतील हे अंतर कोणत्याही धर्मपरंपरेला चुकलेले नाही. कॅथलिक परंपरेत ते विशेष तीव्रतेने जाणवते. कारण या परंपरेने आपली शिकवण सूत्रबद्ध केली, तिची प्रश्नोत्तरे तयार केली आणि ती मुलांकडून पाठ करून घेतली. ट्रेंटच्या परिषदेनंतर १५६६ मध्ये सिद्ध झालेली रोमन प्रश्नोत्तरी ही या प्रयत्नाची अधिकृत परिणती होय. ज्या प्रदेशात ही शिकवण बाहेरून आली, तेथे पाठांतर आणि प्रतीती यांतील दरी अधिकच रुंद होती. मराठी भाषेत ही दरी सांधण्याचे प्रयत्न कसे झाले आणि मार्कंड्याच्या परिसरात तोच प्रश्न कोणत्या रूपाने पुन्हा उभा राहिला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

चांदा येथील धर्मक्षेत्र

३१ मार्च १९६२ रोजी रोमने तत्कालीन चांदा येथे सिरो-मलबार चर्चचे स्वतंत्र धर्मक्षेत्र निर्माण केले. सेंट थॉमसच्या प्रेषितकार्याशी आपले नाते सांगणाऱ्या केरळमधील या प्राचीन चर्चला आपल्या प्रदेशाबाहेर मिळालेले हे पहिले कार्यक्षेत्र होते. त्याची जबाबदारी १८३१ मध्ये मान्नानम येथे स्थापन झालेल्या कार्मेलाइट्स ऑफ मेरी इमॅक्युलेट या संघाकडे सोपविण्यात आली आणि फादर जानुआरियुस हे पहिले प्रमुख झाले. १९७७ मध्ये या क्षेत्राला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा लाभला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी धर्मप्रांत अखंड राहिला. चंद्रपूर, गडचिरोली व वर्धा यांच्यासह आदिलाबाद जिल्हाही त्यात समाविष्ट होता. १९९९ मध्ये आदिलाबाद वेगळा करण्यात आला.

शाळा, रुग्णालये व सेवाकेंद्रे यांच्या अंगाने या धर्मप्रांताची ओळख सर्वसामान्यांना आहे. त्याचा पुनरुच्चार येथे अभिप्रेत नाही. लक्षणीय गोष्ट भाषेची आहे. मल्याळम् ही ज्यांची मातृभाषा, सिरियाक ही ज्यांच्या उपासनेची पूर्वापार भाषा, ते धर्मगुरू मराठी, तेलुगू आणि गोंडी बोलणाऱ्या लोकांत आले. ईश्वराविषयी बोलायचे तर कोणत्या शब्दांत, हा त्यांच्यापुढील प्रश्न मराठीला मात्र नवा नव्हता. साडेतीनशे वर्षांपूर्वी गोव्यात तो एकदा उपस्थित झाला होता आणि त्याचे एक थोर उत्तरही तेथे मिळाले होते.

सक्तीच्या छायेतील प्रश्न

त्या उत्तराकडे वळण्यापूर्वी कार्डिनल जॉन हेन्री न्यूमन यांनी १८७० च्या आपल्या ग्रंथात केलेला एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. विधान बुद्धीला पटणे ही एक संमती. त्या विधानातील वस्तू जणू समोर उभी राहून मनुष्याचे वर्तन बदलणे ही दुसरी. पहिलीला वैचारिक आणि दुसरीला वास्तव संमती म्हणता येईल. ‘ईश्वर दयाळू आहे’ हे वाक्य मुखोद्गत असणाऱ्याला दयेचा स्पर्श झालेला असेलच असे नाही. न्यूमन यांच्या मते वास्तव संमती प्रतिमा, स्मृती आणि अनुभव यांच्या आधारावर उभी राहते. आणि या तिन्ही गोष्टी मनुष्याला त्याच्या भाषेतून व समाजातून मिळतात.

सोळाव्या शतकातील गोव्यात नेमका हाच आधार काढून घेण्यात आला होता. मंदिरे पाडली गेली, १५६० मध्ये इन्क्विझिशनची स्थापना झाली आणि जुन्या धर्मग्रंथांवर बंदी आली. जुलै १५८३ मध्ये साष्टीतील कुंकळ्ळी येथे पाच जेझुइटांची हत्या झाली आणि त्यानंतर गावच्या प्रमुखांना ठार मारण्यात आले. मारल्या गेलेल्या जेझुइटांचे मृतदेह परत मिळविण्याच्या कामी जे पुढे आले त्यांत थॉमस स्टीफन्स हे इंग्लिश जेझुइट होते. १५७९ मध्ये ते गोव्यात पोहोचले होते. १६१९ मध्ये त्यांचे निधन झाले. जवळजवळ चाळीस वर्षांचा हा काळ मुख्यतः साष्टीत गेला. ज्या सत्तेच्या आश्रयाने त्यांचे कार्य चालले त्या सत्तेच्या हिंसेपासून स्टीफन्स यांना सर्वस्वी वेगळे काढता येत नाही आणि काढूही नये. तथापि सक्तीने रिकाम्या केलेल्या जागी नुसते पाठांतर ठेवून भागणार नाही, हे ज्या थोड्यांना उमगले त्यांत त्यांची गणना करावी लागते.

पुराणाची मागणी

१६१६ मध्ये राचोल येथे छापल्या गेलेल्या त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी एक प्रसंग येतो. एक धर्मांतरित ब्राह्मण पाद्रींना सांगतो की, धर्मशिक्षणातील प्रश्नोत्तरे चांगलीच आहेत. पण आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांस का देत नाही? समीक्षकांनी या प्रसंगाकडे बहुधा काव्यनिर्मितीचे निमित्त म्हणून पाहिले आहे. त्याचा अर्थ अधिक खोल आहे. ती तक्रार श्रवणाच्या भुकेची आहे. प्रश्नोत्तरीत प्रश्न गुरूचा असतो आणि उत्तरही गुरूनेच दिलेले असते. शिष्याकडे फक्त स्मरण उरते. येथे प्रथमच शिष्य स्वतःचा प्रश्न विचारतो, आणि संपूर्ण ग्रंथ त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून उभा राहतो.

उत्तर विस्तृत आहे. पहिल्या पुराणात ४,१८१ आणि दुसऱ्यात ६,७८१ अशा एकंदर १०,९६२ ओव्या आहेत. विश्वोत्पत्तीपासून जुन्या करारातील कथा पहिल्या भागात आणि येशूचे चरित्र दुसऱ्या भागात येते. मध्येच श्रोते शंका विचारतात, कथा थांबते, समाधान होते आणि पुन्हा चालू लागते. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेत वाढलेल्या श्रोत्याला ही रीत घरची होती. हे पुराण चर्चमध्ये वाचले जात असे. अर्थात शिकवण आता पाठ करण्याची बाब न राहता बसून ऐकण्याची झाली. ख्रिस्ताच्या यातना ओवीच्या लयीत ऐकणाऱ्याला त्या विधानरूपाने मान्य करावयाच्या नव्हत्या. त्या त्याच्या कानांपुढे घडत होत्या. न्यूमन ज्याला वास्तव संमती म्हणतात तिची सामग्री ती हीच.

शब्दांच्या निवडीत स्टीफन्स यांचे धाडस अधिक दिसते. स्वर्गासाठी त्यांनी ‘वैकुंठ’ हा शब्द घेतला. विष्णूच्या लोकाचे नाव ख्रिस्ती स्वर्गाला देणे यात धोका उघड होता : ऐकणाऱ्याच्या मनात जुनाच अर्थ जागा होईल. परंतु तो जागा व्हावा, हीच त्यातील खुबी होती. ज्या शब्दाभोवती आजीच्या गोष्टी, मरणसमयीची आशा आणि गाण्यांचे सूर जमलेले असतात, तोच शब्द नव्या अर्थाला अंतःकरणापर्यंत नेऊ शकतो. परका शब्द शुद्ध राहतो खरा, पण तो जिभेवरच थांबतो. मुद्रित परंपरेत पोर्तुगीज व लॅटिन शब्दही पुष्कळ आहेत. उलट जस्टिन ॲबट यांनी १९२० च्या दशकात लंडन येथे उजेडात आणलेल्या मार्सडन संग्रहातील देवनागरी हस्तलिखितात अशा अनेक शब्दांच्या जागी संस्कृत-मराठी पर्याय आढळतात. यांपैकी मूळ पाठ कोणता, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते दोन पाठ संभवले यालाच. ईश्वराविषयी बोलताना परका शब्द राखावा की आपला स्वीकारावा, हा वाद ग्रंथाच्या पोटातच चालू राहिला होता.

लिपीचाही प्रश्न होता. १६०८ मध्ये जेझुइट संघाचे सर्वाधिकारी क्लॉडिओ अक्वाविवा यांना लिहिलेल्या पत्रात स्टीफन्स यांनी देशी लिपीत ग्रंथ छापला जावा अशी इच्छा व्यक्त केली होती. पण अक्षरे जोडरूपाने लिहिली जात असल्यामुळे सुमारे ६०० साचे पाडावे लागतील, ही अडचण त्यांनीच नोंदविली. ग्रंथ अखेर रोमन लिपीत निघाला. १६४९ व १६५४ मध्ये त्याचे पुनर्मुद्रण झाले. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढला आणि स्टीफन्स यांच्या कार्याच्या मुळावरच घाव बसला. १९०७ मध्ये जोसेफ सालढाणा यांनी मंगळूर येथे रोमन लिपीतच आवृत्ती सिद्ध केली. देवनागरीत हा ग्रंथ छापून यायला १९५६ साल उजाडले. शांताराम बंडेलू यांनी तो पुण्यात प्रसिद्ध केला. एका लेखकाची साधी इच्छा पुरी होण्यास ३४८ वर्षे लागली! त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी चांद्याचे धर्मक्षेत्र निर्माण झाले.

परिषदेनंतर

चांद्याची स्थापना मार्च १९६२ मधील आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा आरंभ ११ ऑक्टोबर १९६२ चा. या योगायोगाचा परिणाम दूरगामी ठरला. वसाहतीच्या काळातील ओझे नसलेले हे क्षेत्र आपल्या बाल्यातच परिषदेच्या विचारांना सामोरे गेले. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी संमत झालेल्या ईश्वरी प्रकटीकरणाविषयीच्या दस्तऐवजात म्हटले आहे की, प्रेषितांकडून आलेल्या परंपरेचे आकलन चर्चमध्ये वाढत जाते, आणि ते वाढण्याचे एक कारण म्हणजे श्रद्धावंतांनी या गोष्टी मनात घोळवीत केलेले चिंतन व अध्ययन. ईश्वर सिद्धान्तांची यादी प्रकट करीत नाही, स्वतःला प्रकट करतो आणि माणसांशी मित्रांप्रमाणे बोलतो, असाही त्याचा आशय आहे. शिकवण तीच राहिली. शिकणाऱ्याचे स्थान बदलले. २८ ऑक्टोबर १९६५ च्या दुसऱ्या घोषणेने इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते चर्च नाकारीत नाही, असे स्पष्ट केले. ‘वैकुंठा’चे समर्थन स्टीफन्स यांना अशा कोणत्याही वचनाच्या आधाराने करता आले नव्हते.

महाराष्ट्रात या दिशेने काही पावले परिषदेपूर्वीच पडली होती. गी दलरी या फ्रेंच जेझुइटांनी पंढरीची वारी पायी केली, तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले आणि १९६० मध्ये विठ्ठलोपासनेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. परिषदेनंतरच्या पिढीत वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ (२०१०) सिद्ध करून संपूर्ण बायबल समकालीन मराठीत आणले. त्यास साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. घरी बसून शास्त्र वाचणारा मराठी कॅथलिक वाचक या कार्यामुळे घडला, हे त्यांचे योगदान सन्मानापेक्षा मोठे मानावे लागेल.

‘पेन’ आणि व्यक्ती

वसईत वा पुण्यात जे साधले ते वैनगंगेपलीकडे तसेच साधणे कठीण होते. वसईच्या वाचकाजवळ पिढ्यान्‌पिढ्यांची ख्रिस्ती स्मृती होती. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातील गोंड-माडिया समाजात ईश्वराची कल्पनाच मुळात वैयक्तिक नाही. गोंडांची विभागणी चार, पाच, सहा आणि सात देवांच्या ‘सगां’मध्ये होते, विवाहसंबंध त्यावरून ठरतात. आदिलाबादच्या राजगोंडांवरील १९४८ च्या ग्रंथात क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी कुळाच्या ‘पेर्सा पेन’च्या उपासनेचे सविस्तर वर्णन केले आहे. कुळातील सर्व एकत्र आल्याशिवाय ही उपासना पूर्ण होत नाही, आणि परधान किंगरीवर कुळाची कथा गायिल्याशिवाय देवाची ओळख पटत नाही. अशा माणसाला ‘तुझा ईश्वराशी वैयक्तिक संबंध कोणता?’ असे विचारणे म्हणजे त्याला त्याच्या नातलगांतून उठवून एकटे बसविणे होय. या एकटेपणाला तो आध्यात्मिक उन्नती म्हणेल, हे संभवत नाही.

परंतु कॅथलिक शिकवणीलाही असा एकटा माणूस अभिप्रेत आहे का? २१ नोव्हेंबर १९६४ च्या चर्चविषयक दस्तऐवजात उत्तर स्पष्ट आहे : ईश्वराने माणसांना सुटे सुटे न तारता एक प्रजा म्हणून एकत्र आणण्याचे योजिले. म्हणजे व्यक्तीचे आकलन खोल होते ते समुदायाच्या उपासनेत व श्रवणात. या ठिकाणी परधानाची किंगरी आणि राचोलचे पुराणवाचन परस्परांना अनपेक्षितपणे जवळची ठरतात. पाठ्यपुस्तकी प्रश्नोत्तरी मात्र दोहोंपासून दूर पडते.

केरळहून आलेल्या धर्मगुरूंच्या स्वतःच्या वारशातही हे सूत्र होते. सिरियाक परंपरेतील थोर आचार्य एफ्रेम (मृत्यू ३७३) यांनी आपले ईश्वरविषयक चिंतन मुख्यत्वे गीतांतून मांडले. मनुष्याला आपली ओळख पटावी म्हणून ईश्वराने मानवी भाषेतील नावे वस्त्राप्रमाणे परिधान केली, आणि ती वस्त्रे तो बदलतही राहतो, हा त्यांचा लाडका विचार होय. हा विचार स्वीकारला तर ‘वैकुंठ’ हे एक वस्त्र ठरते. ‘पेन’ हा शब्द तसा होऊ शकेल काय, याचे उत्तर धर्मशास्त्राच्या पुस्तकातून येणार नाही. ज्याच्या कुळात तो शब्द किंगरीवर गायिला गेला आहे, त्यानेच तो ख्रिस्ताविषयी उच्चारून पाहावा लागेल.