किया नीरो
दक्षिण कोरियाच्या किया कंपनीची छोटेखानी क्रॉसओव्हर मोटारगाडी. फेब्रुवारी २०१६ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात तिची हायब्रिड आवृत्ती मांडण्यात आली. पुढे प्लग-इन हायब्रिड आणि २०१८ मध्ये संपूर्ण विद्युत आवृत्ती आली. निव्वळ पेट्रोलवर चालणारी नीरो कंपनीने काढलीच नाही, हे तिचे खरे वेगळेपण.

हायब्रिडमध्ये १.६ लिटरचे पेट्रोल इंजिन आणि ३२ किलोवॉटची विद्युत मोटर सहा गतींच्या दुहेरी क्लच गिअरबॉक्समार्फत पुढची चाके फिरवतात. ब्रेक लावताना एरवी उष्णतेत वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठते, म्हणून थांबत-चालत जाणाऱ्या शहरी रहदारीत इंधनाची बचत विशेष जाणवते. ही बॅटरी जेमतेम दीड किलोवॉट-तासांची. तिला बाहेरून चार्ज करावे लागत नाही. प्लग-इनची पहिली बॅटरी ८.९ किलोवॉट-तासांची होती, तर विद्युत नीरोची मोठी बॅटरी ६४ किलोवॉट-तासांची. एकाच सांगाड्यात इतक्या भिन्न आकाराच्या बॅटऱ्या बसवणे ही अभियांत्रिकीची मोठी कमाई म्हटली पाहिजे.

दुसरी पिढी नोव्हेंबर २०२१ मध्ये सोलला सादर झाली. तिच्या मागच्या खांबांतून हवा वाहू दिल्याने वाऱ्याचा अवरोध घटतो.