४के टीव्ही घेताना काय तपासायचं? कर्जत-खालापूरकरांसाठी सोप्या भाषेत

घरात मोबाइलमधलं ज्याला सगळ्यात जास्त कळतं, टीव्ही घ्यायची वेळ आली की सगळे त्याच्याकडेच बघतात. गणपती, दिवाळी किंवा आयपीएल जवळ आलं की मलाही नेरळपासून खोपोलीपर्यंतचे मित्र, नातेवाईक एकच प्रश्न विचारतात: "४के घेऊ का? कुठला घेऊ?" घरच्यांचे तीस-चाळीस हजार किंवा वर्षभराचा हप्ता तुमच्या एका शब्दावर जाणार असतो. म्हणून खोक्यावर छापलेल्या शब्दांचा अर्थ आधी नीट समजून घेऊया.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. टीव्हीवरचं चित्र ही एक साखळी असते: मूळ व्हिडिओ, नेट किंवा डिश, ॲप किंवा बॉक्स, केबल, टीव्हीचं पॅनल आणि शेवटी तुमच्या सोफ्यापर्यंतचं अंतर. यातली एक कडी जरी कच्ची असली तरी चित्र तिथेच अडकतं. आपण पैसे मात्र फक्त पॅनलसाठी मोजतो.

४के म्हणजे नक्की किती?

- एचडी रेडी: बहुतेक ३२ इंची टीव्हीत १३६६ × ७६८ पिक्सेल
- फुल एचडी: १९२० × १०८०, म्हणजे साधारण २१ लाख पिक्सेल
- ४के किंवा अल्ट्रा एचडी: ३८४० × २१६०, म्हणजे साधारण ८३ लाख
- ८के: ७६८० × ४३२०, म्हणजे साधारण ३ कोटी ३२ लाख

४के आणि ८के टीव्हीसाठीचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड बीटी.२०२० या नावाने ओळखलं जातं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ते २०१२ साली काढलं. त्यात फक्त पिक्सेलची संख्या नाही, तर रंग आणि फ्रेम रेटही ठरवलेले आहेत. म्हणजे पिक्सेल वाढवले की काम झालं, असं स्टँडर्ड लिहिणाऱ्यांनाही वाटत नव्हतं.

इथे एक सापळा आहे. स्वस्त टीव्हीच्या खोक्यावर "४के सपोर्ट" लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ इतकाच की टीव्ही ४के फाइल उघडतो. पॅनल फुल एचडी किंवा त्याहून कमीही असू शकतं. स्पेसिफिकेशनमध्ये पॅनलचं रिझोल्यूशन ३८४० × २१६० लिहिलं असेल तरच तो ४के टीव्ही.

किती इंच आणि किती लांबून?

नॉर्मल नजरेच्या माणसाला फुल एचडी आणि ४के यातला फरक एका ठराविक अंतरापर्यंतच दिसतो. हे अंतर स्क्रीनच्या उंचीच्या साधारण तिप्पट असतं. हिशोब करून सांगतो:

- ४३ इंच: साडेपाच फुटांपर्यंत
- ५० इंच: सव्वासहा फुटांपर्यंत
- ५५ इंच: सात फुटांपर्यंत
- ६५ इंच: सव्वाआठ फुटांपर्यंत

आता टेप घेऊन हॉलमध्ये मोजा. सोफा ते भिंत आठ फूट असेल आणि तुम्ही ४३ इंची घेतला, तर ४केचे जादा पिक्सेल बहुतेक वाया जातात. तरीही बाजारात ४३ इंचांच्या पुढे फुल एचडी मॉडेल कमीच मिळतात, त्यामुळे ४के घेतलात तर काही बिघडत नाही. फक्त "४के आहे म्हणून" जास्त पैसे मोजू नका.

आणि ८के? ६५ इंची ८के टीव्हीचा फायदा दिसायला साधारण चार फुटांवर बसावं लागेल. जपानच्या एनएचकेने १ डिसेंबर २०१८ला ८के सॅटेलाइट चॅनेल सुरू केलं. आपल्याकडे असं एकही चॅनेल नाही. तेव्हा ८केचा विचार सध्या सोडून द्या.

एचडीआर: खरा फरक इथे पडतो

माझ्या मते पिक्सेलपेक्षा एचडीआर चांगला असेल तर टीव्ही जास्त छान वाटतो. एचडीआर म्हणजे अंधार खरा अंधार आणि उजेड खरा उजेड दिसणं. याचे चार प्रकार तुम्हाला दिसतील:

- एचडीआर१०: सगळ्यांचा पाया. पूर्ण सिनेमासाठी एकच सेटिंग.
- एचडीआर१०+ आणि डॉल्बी व्हिजन: प्रत्येक सीननुसार सेटिंग बदलतं. सॅमसंगच्या टीव्हीत डॉल्बी व्हिजन नसतं, ते एचडीआर१०+ देतात.
- एचएलजी: बीबीसी आणि एनएचके यांनी मिळून बनवलेलं, मुख्यतः प्रसारणासाठी.

पण नाव छापलं म्हणून एचडीआर दिसतोच असं नाही. एचडीआरचे सिनेमे बऱ्याचदा १००० निट्सच्या हिशोबाने तयार केलेले असतात, आणि स्वस्त टीव्ही २५०-३०० निट्सवरच थांबतो. तो एचडीआर सिग्नल वाचतो, दाखवू मात्र शकत नाही. म्हणून दोन गोष्टी विचारा. ब्राइटनेस किती निट्स? आणि पॅनल १० बिटचं आहे का? ८ बिटमध्ये सुमारे १.६७ कोटी रंग असतात, १० बिटमध्ये सुमारे १०७ कोटी. ८ बिटच्या पॅनलवर संध्याकाळच्या आकाशात पट्टे दिसतात ना, ते याचमुळे.

क्यूएलईडी या नावालाही फसू नका. तो एलसीडीच असतो, फक्त रंग सुधारणारा थर घातलेला. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, त्यामुळे काळा रंग एकदम गडद. मिनी एलईडी मधला रस्ता आहे.

कंटेंट येणार कुठून?

आपल्या भागात साखळी सगळ्यात जास्त इथेच तुटते. नेटफ्लिक्स ४केसाठी १५ एमबीपीएस किंवा जास्त स्पीड सांगतं आणि तासाला ७ जीबीपर्यंत डेटा जातो. म्हणजे रोजच्या २ जीबीच्या पॅकवर हॉटस्पॉट लावलात तर साधारण सतरा मिनिटांत खेळ खलास! फायबर असेल तर प्रश्न नाही. नसेल, तर टीव्ही घेण्याआधी रात्री नऊच्या सुमारास, टीव्ही ठेवणार त्याच जागी, मोबाइलवर स्पीड टेस्ट करा. खोपोली शहरात मिळणारा स्पीड कशेळे किंवा वावोशीच्या एखाद्या वाडीत मिळेलच असं नाही.

प्लॅनही बघा. नेटफ्लिक्सचा मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालतच नाही आणि ४के फक्त सगळ्यात महागड्या प्लॅनमध्ये मिळतं. यूट्यूबवर ४के फुकट आहे, पण त्यासाठी टीव्हीला व्हीपी९ किंवा एव्ही१ कोडेक यायला हवा.

डिशचं काय? २०१५च्या वर्ल्ड कपच्या वेळी डीटीएच कंपन्यांनी ४के बॉक्स आणले होते, पण आजही बहुतेक चॅनेल एसडी किंवा एचडीच आहेत. एक जवळचं उदाहरण देतो. चौकजवळच्या एन. डी. स्टुडिओत 'जोधा अकबर'चे सेट उभे राहिले होते. २००८चा तो सिनेमा फिल्मवर शूट झाला, आणि फिल्म नव्याने स्कॅन केली तर त्यातून ४के निघू शकतं. त्याच वर्षी सुरू झालेली 'राजा शिवछत्रपती' मालिका मात्र एसडी चॅनेलवर आली. एसडी चित्र ४के टीव्हीवर लावलं की टीव्ही मधले पिक्सेल अंदाजाने भरतो. याला अपस्केलिंग म्हणतात. घरात आईबाबा दिवसभर केबलच्या मालिकाच बघत असतील, तर चांगलं अपस्केलिंग ४केच्या शिक्क्यापेक्षा महत्त्वाचं.

मोबाइल जोडणार असाल तर

मिराकास्टने स्क्रीन मिरर केली की चित्र बहुतेक वेळा फुल एचडीपर्यंतच जातं. यूट्यूबमधलं कास्टचं बटण दाबलं तर व्हिडिओ टीव्ही स्वतः नेटवरून घेतो, म्हणून ४के मिळतं. मोबाइलवर शूट केलेला ४के व्हिडिओ दाखवायचा असेल तर पेनड्राइव्ह सगळ्यात बेस्ट. पेनड्राइव्ह एक्सफॅट फॉरमॅटमध्ये ठेवा, कारण एफएटी३२मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही. टीव्ही एक्सफॅट वाचतो का, तेही दुकानात बघून घ्या.

एचडीएमआयचा आकडा

- १.४ (२००९): ४के, पण सेकंदाला ३० फ्रेम
- २.० (२०१३): ४के ६० फ्रेम, १८ जीबीपीएस
- २.१ (२०१७): ४के १२० फ्रेम, ४८ जीबीपीएसपर्यंत

सिनेमा, मालिका, क्रिकेट यासाठी २.० पुरेसं आहे. प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स खेळणार असाल तरच १२० हर्ट्झ पॅनल आणि २.१चा हट्ट धरा. पण नुसता "२.१" आकडा पुरावा नाही, कारण त्यातली बरीच फीचर्स ऐच्छिक असतात. "४के १२० हर्ट्झ" असं स्पष्ट लिहिलंय का ते बघा. "मोशन रेट २४०" वगैरे आकडे पॅनलचे हर्ट्झ नसतात.

पाऊस, वीज आणि सर्व्हिस

खोपोलीत टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५पासून आहे, पण पावसाळ्यात आपल्या घरातली लाइट किती वेळा जाते ते तुम्हाला माहितीच आहे. लाइट परत येताना व्होल्टेज उसळू शकतं. चांगला सर्ज प्रोटेक्टर लावा, अर्थिंग तपासून घ्या. जवळ कडकडाट सुरू झाला की प्लग काढा. डिशची केबल आणि नेटची वायरही काढा, कारण झटका तिथूनही येतो. ओल येणाऱ्या भिंतीला टीव्ही चिकटवू नका, मागे हवा खेळती ठेवा.

सर्व्हिसचं आधीच विचारा. पनवेल किंवा कल्याणच्या शोरूममध्ये स्वस्त मिळाला, तरी तुमच्या पिनकोडवर माणूस घरी येतो का? पॅनलची वॉरंटी किती? हे बिलावर लिहून घ्या.

दुकानात जाताना

१. पेनड्राइव्हवर स्वतः काढलेले ४के व्हिडिओ घेऊन जा. भिवपुरीच्या धबधब्याचा एक, रात्रीच्या अंधारातला एक. दुकानातला डेमो व्हिडिओ कुठल्याही टीव्हीवर भारीच दिसतो.
२. टीव्ही "स्टँडर्ड" किंवा "सिनेमा" मोडवर लावायला सांगा.
३. एखादं साधं मराठी चॅनेल लावून अपस्केलिंग बघा.
४. मागच्या लेबलवर 'आर'पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकून खात्री करता येते.
५. वीज वापरासाठी बीईईचे स्टार बघा. अल्ट्रा एचडी टीव्हींसाठी हे लेबल २०२१मध्ये सुरू झालं.
६. २२ सप्टेंबर २०२५पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८वरून १८ टक्के झाला आहे. बिलात तोच लागलाय ना, बघा.

मग घ्यायचा कुठला?

फायबर आहे आणि सात-आठ फुटांवर बसता? ५५ इंची, १० बिटचा, जास्त निट्सवाला ४के घ्या. नेट मोबाइलचंच आहे आणि घरी डिशच चालते? मग ४३ इंची, चांगल्या अपस्केलिंगचा साधा टीव्ही घ्या, उरलेल्या पैशांत सर्ज प्रोटेक्टर आणि बरा साउंडबार येईल. खोली छोटी असेल तर ३२ इंचीही चालतो, त्यात कमीपणा काही नाही.

दुकानदाराने "पुढच्या पाच वर्षांचा विचार करा" म्हटलं तर हरकत नाही. पण आधी आजची साखळी मोजा, आणि जी कडी कच्ची निघेल तिच्यावर पहिले पैसे खर्च करा.