पतंगाच्या डोक्यातला केमिकल लोच्या

साकोली तालुक्यातलं सानगडी तिथल्या जुन्या किल्ल्यामुळे माहीत असतं. पण ते ज्या भंडारा जिल्ह्यात येतं, त्याची आणखी एक ओळख म्हणजे कोसा, अर्थात टसर रेशीम. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर, उघड्यावर अळ्या वाढवायचं हे काम ढिवर कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत.

आता गंमत बघा. कोशातून निघालेल्या पतंगाला खायला धड तोंडच नसतं! मोजके दिवस जगायचं, तेवढ्यात जोडी जमवायची. जोडी नाही तर फलित अंडी नाहीत, आणि अंडी नाहीत तर पुढचं पीक नाही. म्हणजे घरचा हिशोब मादीच्या गंधावर!

या गंधाचा छडा जर्मनीच्या अडॉल्फ बुटेनान्टने लावला. माणसाच्या लैंगिक हार्मोन्सवरच्या कामासाठी त्याला १९३९ चं नोबेल जाहीर झालं होतं, पण नाझी सरकारने ते घेऊ दिलं नाही. मग साहेब रेशीमकिड्यांकडे वळले. १९५४ साली कार्लसनसोबत ५०० किलो कोशितांतून २५ मिलिग्रॅम एक्डायसोन काढलं. हे कात टाकायला लावणारं हार्मोन. १९५९ साली सुमारे ५ लाख माद्यांपासून बॉम्बिकॉल मिळवलं. हा नराला खेचून आणणारा गंध. हार्मोन शरीराच्या आत फिरतं, असा गंध बाहेर जातो. त्याला त्याच वर्षी 'फेरोमोन' हे नाव मिळालं.

पण मादीला 'आता गंध सोड' हे सांगतं कोण? उत्तर १९८९ साली मिळालं. अमेरिकेत अशोक रैना आणि सहकाऱ्यांनी मक्याच्या कणसावरच्या अळीच्या पतंगात ३३ अमिनो आम्लांचं एक हार्मोन ओळखलं. मेंदूकडून ते निघालं की गंधग्रंथी कामाला लागते. आमच्या भाषेत सांगायचं तर हार्मोन हा आतला सिग्नल आणि फेरोमोन म्हणजे नेटवर्कवर सोडलेला मेसेज.

हाच मेसेज खोटा पाठवला तर? तेच आपले कामगंध सापळे! धानाच्या बांधीत खोडकिड्याचे नर त्या ल्यूरच्या वासाला भुलून येतात आणि अडकतात. किती अडकले ते मोजून फवारणी कधी करायची, करायची की नाही, हे ठरवता येतं. उगाच फवारणी टळली की पैसे वाचतात, आणि मित्रकीटकही.

एकाच जिल्ह्यात कोसावाल्याला पतंगांची जोडी जमायला हवी आणि धानवाल्याला ती मोडायला हवी. असो. पुढच्या वेळी कोशाची साडी घेताना भाव जरा कमीच करून मागा, काय?